मामांची मूठ आणि आमची वही

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची लहानशी फाउंड्री आहे. पंपाच्या केसिंगचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं, बिडाचं ओतकाम करतो. वडिलांचा हात कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑईल इंजिनांच्या जॉबवर बसला, मग त्यांनी स्वतःची भट्टी टाकली.

कितीतरी वर्षं आमचं सगळं ज्ञान एका माणसाच्या मुठीत होतं. मोल्डर मामा, म्हणजे साचे भरणारे, साच्याची ओली वाळू मुठीत दाबायचे, बोटांचे ठसे उमटलेत का बघायचे, मग गोळा मधोमध मोडायचे. भुगा झाला तर पाणी कमी, तळव्याला चिकटली तर जास्त. अशा वाळूत ओलावा साधारण 3 ते 4 टक्के लागतो. मामांना आकडा ठाऊक नव्हता, पण अंदाज चुकत नसे.

एका पावसाळ्यात मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले आणि वाळू ओली राहिली. 1,400 अंशांच्या आसपासचा बिडाचा रस साच्यात ओतताना त्या पाण्याला भिडला की वाफ होते. तिला बाहेर वाट मिळाली नाही तर ती धातूत शिरते. गिऱ्हाइकाकडे मशीनवर तासताना आतले फुगे उघडे पडले, अख्खी गाडी परत आली. मिक्सरवरच्या पोराला मी सगळ्यांदेखत नको ते बोललो.

संध्याकाळी तो म्हणाला, "मालक, सकाळीच वाळू जड लागत हुती. सांगाय आलो, तर तुम्ही फोनवर तापला हुता. मागं फिरलो."

त्या रात्री डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखतच त्याची माफी मागितली.

मामा परतल्यावर वही घातली. ते "चालतंय" म्हणाले की त्याच वाळूचा ओलावा मीटरवर मोजायचा आणि आकडा लिहायचा. पण मामा गप्प गप्प झाले. लिहून घेतलं की आपली गरज संपली, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मी त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "मामा, आता साचे भरू नका, पोरांचे हात बघा. पगार हाच." त्यानंतर ते मोकळे झाले. गरम वाळू हाताला फसवते, ती निवल्याशिवाय अंदाज घ्यायचा नाही, हे इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कळलं.

गेल्या आषाढात त्याच पोरानं साचे भरायचं काम थांबवलं आणि मोडलेला गोळा माझ्यापुढं धरला. कड ओलसर होती. त्या दिवशी पहिली हीट, म्हणजे भट्टीतला पहिला रस, दोन तास उशिरा निघाली.