श्वासाची लय हाताला कळली: कूलर, नवार आणि सायकलची ट्यूब

या रविवारी जमलं! श्रवणयंत्रवाल्या काकूंचा उच्छ्वास सहा मोजेपर्यंत लांबला. तोही कूलर सुरू असताना, आणि मी तोंडातून एक शब्द न काढता. खुर्चीत बसून करायच्या आमच्या योगवर्गाच्या मागच्या नोंदी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, गाडी याच ठिकाणी अडून बसली होती: कूलरच्या आवाजात काकूंना माझे आकडे ऐकू येत नाहीत आणि श्वासाची लय चुकते.

बाकीचं थोडक्यात. खुर्च्यांचा प्रश्न मिटला आहे: हातांची प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, म्हणून आता बिनहाताच्या लोखंडी घडीच्या खुर्च्या, मागचे पाय भिंतीला टेकवून. अर्धांगवायू झालेल्या काकांसाठी अनुलोम-विलोम टेबलावर उशी ठेवून, तिच्यावर चांगल्या हाताचं कोपर टेकवून सुरू आहे आणि छान चाललं आहे. बीपी किंवा काचबिंदू असलेल्यांना डोकं खाली जाणारं काहीही नाही. "डोळे मिटा" ही सूचना तर आम्ही कधीच काढून टाकली. चिंतेचा त्रास असलेल्या काहींना डोळे मिटून निश्चल पडलं की उलट घाबरायला होतं. शवासनाच्या जागी खुर्चीत बसून तळपाय जमिनीला दाबायचे, नजर दोन हात पुढे फरशीवर.

आता मूळ दुखणं. मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय बसवत नाही. वर्ग सकाळी सहाला आणला, तरी उघड्या खिडक्यांवर भागत नाही. उकाड्याने छातीची धडधड आधीच वाढते, आणि ज्यांना पॅनिकचा, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याचा अनुभव आहे त्यांना ती धडधड म्हणजे झटका येतोय असंच वाटतं. त्यामुळे कूलर बंद ठेवणं बादच. पण तो सुरू झाला की काकूंच्या यंत्रात माझ्या आकड्यांऐवजी नुसती घरघर जाते. मग त्या इतरांकडे भिरभिर बघतात, खांदे कानाला लागतात, श्वास वरच्यावर. हाताची खूण करावी, तर आमच्या अंध दादांना ती दिसत नाही. एकाच वर्गात दोघांना एकच लय द्यायची, डोळे आणि कान दोन्ही वगळून. उरला स्पर्श.

लयीवर मी एवढी का अडून बसते, ते नव्या मंडळींसाठी सांगते. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. सोडतेवेळी व्हेगस नर्व्हचा, म्हणजे मेंदूकडून येऊन ठोके मंदावणाऱ्या नसेचा, हृदयावरचा प्रभाव वाढतो. चार मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. ज्यांना हे जड जातं त्यांनी तीन मोजत घ्यावा, चार मोजत सोडावा. कुंभक आमच्याकडे नाही, कारण श्वास रोखला की कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पॅनिकवाल्यांना गुदमरल्यासारखं होतं. कपालभातीही नाही: भराभर श्वासाने कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि ही लक्षणं झटक्यासारखीच असतात. सगळी भिस्त लांब उच्छ्वासावर.

योगाचार्य अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, पट्टा, दोर असली साधनं आसनांत आणली, म्हणून पहिल्यांदा पट्टाच सुचला. ऑनलाइन मिळणाऱ्या योगा बेल्टची लोखंडी कडी अशक्त बोटांना रुतते, मला तो पटला नाही. इतवारीतून नवारीची पट्टी आणली. रुंद, मऊ, स्वस्त, माझ्या मते बेल्टपेक्षा कितीतरी सरस. दोघांनी समोरासमोर बसून एकेक टोक धरायचं, एकाने श्वास घेताना हळूच ओढायचं, सोडताना सैल करायचं. श्वास घेण्याची खूण छान पोहोचली. पण सोडायला लागलो की नवार लगेच सैल पडते, आणि सैल नवारीतून समोरच्याला काहीच कळत नाही. नेमका उच्छ्वासच हरवायचा. शिवाय नवार ताणली जात नाही, त्यामुळे प्रत्येक ओढीला खांद्याला हिसका. व्यायामाचे रबरी पट्टेही आणून पाहिले. ते तळहातात गुंडाळले जाऊन काचतात, आणि इथल्या उन्हाळ्यात महागाचा पट्टा भेगाळला की जीव हळहळतो.

उत्तर त्रिमूर्तीनगरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात निघालं. सव्वीस इंची जुनी ट्यूब. व्हॉल्व्हचा तुकडा कापून टाकला की दोन मीटरच्या आसपास लांबी उरते, मधोमध कापली की दोन जोड्यांची सोय. आतली पांढरी पावडर साबणाने धुऊन काढावी लागते, नाहीतर सगळ्या हाताला लागते. रबर हात काळे करतं, म्हणून शिवणकाम करणाऱ्या आमच्या ताईंनी जुन्या सुती साडीची खोळ शिवली. खोळ ट्यूबच्या दीडपट लांब, चुण्या घालून. सरळ खोळ शिवली तर ट्यूब ताणलीच जाणार नाही, हे त्यांनी न सांगता ओळखलं.

ट्यूबमध्ये ताण पूर्ण सुटत नाही, हळूहळू उतरतो, आणि तो उतरताना बोटांना सतत जाणवत राहतो. अंध दादांच्या हातात पुढारपण दिलं. चारमध्ये ताण, सहामध्ये उतार, इतका एकसारखा की मला घड्याळ ठेवूनही तसं जमत नाही. समोर काकू. थोड्याच वेळात त्यांनी माझ्याकडे बघणं सोडलं. खांदे उतरले, अंगठ्याची पकड ढिली झाली, पोट हलायला लागलं. नंतर म्हणाल्या, "ताई, श्वास कुठवर सोडायचा ते आता हाताले समजून राहिलं." दादा म्हणाले, "काकू घाबरल्या की मले इकडे कळते, मग मी अजून हळू जातो." हे तर मी ठरवलंही नव्हतं! ट्यूबमधून खूण दोन्हीकडे जाते.

अर्धांगवाल्या काकांच्या अशक्त मनगटात खोळीचाच सैल फासा घातला, गाठ नाही. व्हीलचेअरवाल्या दादांच्या चाकांचे ब्रेक लावायचेच, नाहीतर ताणाबरोबर खुर्ची पुढे येते.

पुढचा बेत सगळ्यांचं एक मोठं कडं करण्याचा होता, तीन ट्यूब जोडून. पण हे लिहितानाच तो बारगळतोय. एकाचा हिसका सगळ्यांना बसेल. आणि खरी गरज वर्गात नाहीच, रात्री दोन वाजता आहे, जेव्हा जाग येते, छाती भरून येते आणि समोर जोडीदार नसतो. तेव्हा कडं राहू दे. ट्यूबचा अर्धा मीटरचा तुकडा, एक टोक स्वतःच्या मांडीखाली दाबलेलं, दुसरं हातात. श्वास घेताना वर ताण, सोडताना हात सावकाश मांडीवर. एका हाताने होतं, पलंगावर बसून होतं. आत्ता खुर्चीत करून पाहिलं, खांदा वर जात नाही. मांडीखालचं टोक निसटतं, तिथे गाठ मारली तर रुतेल. नवारीचा तुकडा शिवून टोक चपटं करावं म्हणते. नवार शेवटी कामाला आलीच.

डॉक्टरांच्या गोळ्या सुरू असलेल्यांना पुन्हा सांगते, श्वास साधला म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

उद्या सायकलवाल्याकडून आणखी जुन्या ट्यूब आणायच्या. रुंद टायरची ट्यूब फार कडक लागते, सव्वीस इंचीच मागा. ज्यांचे दोन्ही हात चालत नाहीत त्यांना ही लय पायातून देता येईल का, यावर कोणी काम केलं असेल तर मला हवं आहे.