सरांचा ऑफ तास

शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी लिहायचं म्हटल्यावर मला आठवतात ते ऑफ तासाला येणारे ग्रंथपाल सर. हातात इंग्रजी 'डॉन किहोते', तोंडाने थेट मराठी.

१६०५ सालच्या या स्पॅनिश कादंबरीच्या आठव्या प्रकरणात नायक आणि एक बास्क गडी तलवारी उपसून भिडलेले, आणि लेखक सर्व्हांतेस बेधडक सांगतो की पुढचे कागदच मिळाले नाहीत! मग तोलेदोच्या बाजारात एक पोरगा जुन्या वह्या विकायला आणतो. लिपी अरबी. निवेदक त्या अर्ध्या रिआलला घेतो आणि मनुके नि गहू मेहनताना देऊन एका मोरिस्कोकडून (ख्रिस्ती झालेल्या स्पॅनिश मुसलमानाकडून) भाषांतर करवून घेतो. म्हणजे मूळ लेखक कुणी सिदे हामेते, मध्ये भाषांतरकार, वर निवेदक. "आता खोटं कोण बोलतंय?" सर विचारायचे, आणि वर्गात एकच कल्ला.

आमची लाडकी गोष्ट मात्र किहोतेचा सेवक सांचो याची. भयाण रात्री मालकाला धीर द्यायला तो एका धनगराची कथा सांगतो. तीनशे शेळ्या नदीपार न्यायच्या, होडीत एका वेळी एकच मावते. एक गेली, दुसरी गेली... किहोते वैतागून म्हणतो, गेल्या सगळ्या असं समज. सांचो विचारतो, आतापर्यंत किती गेल्या? हिशेब कुणी ठेवलाय! मग गोष्ट तिथेच संपली. ऐकणाऱ्याचं लक्ष उडालं की सांगणाऱ्याची गोष्ट बुडाली, हे सरांनी आम्हाला न रागावता शिकवलं ते असं.

मध्येच ते पंचतंत्रावर घसरायचे. पंचतंत्र अरबीतून फिरत १२५१च्या सुमारास स्पेनच्या कास्तिलियन भाषेत पोचलं. आपल्या करटक-दमनक या कोल्ह्यांचे तिकडे 'कलीला आणि दिम्ना' झाले, गोष्टीच्या पोटातली गोष्ट मात्र तशीच राहिली.

सगळ्याच उपकथा जमल्यात असं नाही. खाणावळीत पाद्री जी हस्तलिखित कथा वाचून दाखवतो, ती फार लांबते. १६१५च्या दुसऱ्या भागात सर्व्हांतेसने, या कथेचा मूळ गोष्टीशी संबंधच नाही, ही वाचकांची तक्रार एका पात्राच्याच तोंडी घातली आहे. त्याच खाणावळीत एक सुटून आलेला कैदी आपली कथा सांगतो, ती वेगळी. लेखक स्वतः १५७५ ते १५८० उत्तर आफ्रिकेतल्या अल्जिअर्सला कैदेत होता, आणि कैदी बोलता बोलता 'सावेद्रा नावाच्या कुणा सैनिकाचा' उल्लेख करून जातो. सर्व्हांतेसचं दुसरं आडनाव सावेद्राच!

पुस्तक अजून ग्रंथालयात असेल, तर मुलांनो, पहिल्या भागातली ३९ ते ४१ ही कैद्याची प्रकरणं आधी वाचा. पाद्र्याची गोष्ट राहिली तरी चालेल.