विक्रम सोपा, थांबणं अवघड: जड मालगाड्यांच्या मानकऱ्यांविषयी, पश्चिम ऑस्ट्रेलियातून

२१ जून २००१ रोजी इथल्या पिल्बारा भागात यांडी खाणीपासून पोर्ट हेडलंड बंदरापर्यंत एक विक्रमी मालगाडी धावली. ६८२ वाघिणी, ८ डिझेल इंजिनं, लांबी ७.३ किलोमीटर, एकूण वजन जवळपास १ लाख टन आणि चालवायला एकच माणूस. कोल्हापूर स्टेशनात इंजिन उभं केलं तर शेपूट रुकडीच्या निम्म्या वाटेपलीकडे जाईल. गावाकडून कुणी विचारलं की विचारतात ते याच गाडीबद्दल. आमचं मत थोडं वेगळं आहे. विक्रम हा या धंद्यातला त्यातल्या त्यात सोपा भाग. इंजिनं जोडत गेलं की ओढ वाढते. एवढं वजन न तुटता, रुळावरून न उतरता, पाहिजे तिथं थांबवणं आणि हे रोज करणं अवघड. म्हणून मान द्यायचाच असेल तर तो थांबवणाऱ्यांना आणि झीज अडवणाऱ्यांना आधी द्यावा.

'हेवी हॉल', म्हणजे जड मालवाहतूक, कशाला म्हणायचं याचं माप ठरलेलं आहे. या क्षेत्रातल्या रेल्वेंची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, भारतीय रेल्वेही तिची सदस्य. तीन अटींपैकी दोन पूर्ण व्हाव्या लागतात: गाडी किमान ५,००० टनांची, ॲक्सल लोड (चाकांच्या एका जोडीवरचा भार) २५ टन किंवा जास्त, आणि किमान १५० किलोमीटरच्या मार्गावर वर्षाला २ कोटी टन वाहतूक. आपल्याकडच्या बॉक्सएन वाघिणींचा ५८ डब्यांचा रेक साधारण ६२० मीटरचा असतो आणि ॲक्सलवर २२.९ टनांपर्यंत भार घेतो. नव्या मालवाहू कॉरिडॉरवर २५ टन चालतात. पिल्बारात ३५ ते ४० टन. या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९७८ मध्ये इथेच, पर्थला भरली होती.

आता ब्रेक. जॉर्ज वेस्टिंगहाउसचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्याचा खरा पराक्रम मात्र १८६९ च्या पहिल्या एअर ब्रेकपेक्षा १८८७ मधला आहे, असं आम्हाला वाटतं. १८८६ साली अमेरिकेत आयोवातल्या बर्लिंग्टन गावी ५० वाघिणींच्या मालगाड्यांवर वेगवेगळ्या कंपन्यांच्या ब्रेकची चाचणी घेतली. हवेच्या ब्रेकमध्ये गाडीभर जाणाऱ्या पाइपातला दाब घटला की ब्रेक लागतात. पुढच्या डब्यांचे ब्रेक आधी लागायचे, मागच्या डब्यांपर्यंत हवेच्या दाबातली घट पोचेपर्यंत ते मोकळेच, आणि मग मागचं सगळं वजन पुढच्यावर येऊन आदळायचं. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन उतारावर ट्रॅक्टरवाल्यानं अचानक ब्रेक दाबला की मागची ट्रॉली काय करते, हे कारखान्याच्या रस्त्यावर ज्यानं पाहिलंय त्याला यापुढे सांगायला नको. १८८७ च्या दुसऱ्या चाचणीतही तोच प्रकार. हवेवर भागणार नाही, वीज लागेल, असं बोललं जाऊ लागलं. वेस्टिंगहाउसनं काही महिन्यांत ट्रिपल व्हॉल्व्ह, म्हणजे प्रत्येक डब्यातली ब्रेक लावणारी-सोडणारी झडप, बदलला. आणीबाणीत प्रत्येक डब्याचा व्हॉल्व्ह आपल्याच जागी पाइपातली थोडी हवा बाहेर काढू लागला, त्यामुळे दाबातली घट डब्यागणिक पुढे ढकलली जाऊ लागली.

तरीही हवेला मर्यादा आहेच. दाबातला बदल आवाजापेक्षा जलद जाऊ शकत नाही. २.४ किलोमीटरच्या गाडीत तो टोकाला पोचायला कमीत कमी ७ सेकंद लागणार, प्रत्यक्षात जास्तच. यावर दोन उपाय आले. एक, इंजिनं गाडीच्या मध्ये किंवा मागेही लावायची आणि पुढच्या इंजिनातून रेडिओनं चालवायची. याने कपलरवरची (दोन डबे जोडणाऱ्या आकड्यावरची) ओढ वाटली जाते आणि हवा एकाच वेळी दोन-तीन ठिकाणांहून सुटते. २००१ ची गाडी अशीच धावली. दुसरा उपाय म्हणजे विजेच्या आज्ञेवर लागणारे ब्रेक, जे सगळ्या डब्यांना एकदमच लागतात.

कपलरची गोष्ट कोल्हापूरच्या उद्यमनगर-शिरोलीतल्या फाउंड्रीवाल्यांना जास्त जवळची वाटेल. ईली जॅनी हा व्हर्जिनियातल्या कापडदुकानात काम करणारा माणूस. १८७३ मध्ये त्यानं नकल कपलरचं पेटंट घेतलं. नमुना लाकडातून चाकूनं कोरला होता, म्हणजे पॅटर्नमेकरचंच काम. त्याआधी कडी आणि खिळ्यानं डबे जोडायचे आणि त्यात माणसांची बोटं जायची, जीवही जायचे. नवा कपलर आपोआप जुळत होता, तरी कंपन्या खर्चाला नाखूश. लोरेन्झो कॉफिन नावाच्या आयोवातल्या शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं हा विषय लावून धरला. १८९३ मध्ये कायदा झाला तेव्हा कुठे एअर ब्रेक आणि आपोआप जुळणारे कपलर सक्तीचे झाले. कॉफिननं एकही यंत्र बनवलं नाही, पण आमच्या यादीत तो वेस्टिंगहाउसच्या बरोबरीनं बसतो.

आजही आपल्या वाघिणींना जॅनीच्याच जातीचा कपलर असतो. त्यातला नकल, म्हणजे वाकलेल्या बोटासारखा फिरणारा भाग, मुद्दाम सगळ्यात कमजोर ठेवलेला असतो. जोर हाताबाहेर गेला तर तो तुटावा, कपलरची मुख्य बॉडी किंवा आतला योक (कपलरला डब्याशी बांधणारी चौकट) तुटू नये, कारण नकल जागेवर बदलता येतो. वजन ३५-४० किलोच्या आसपास. तुटला की ब्रेक पाइपही सुटतो आणि गाडी दोन्ही बाजूंनी आपोआप थांबते. मागच्या भागाला हँडब्रेक लावायचे, मग फट शोधायची. पिन काढायची, तुटका तुकडा बाहेर, नवा नकल आत, पिन परत. पुढचा भाग हळू मागे घेऊन जोडायचा आणि थोडं ओढून बघायचं की कुलूप खरंच बसलंय. शेवटी होजपाइप, कॉक, आणि टोकाच्या डब्यापर्यंत दाब पोचल्याची खात्री.

तुटका तुकडा फेकून देऊ नये. तुटलेल्या तोंडावर एखादा काळपट, गंजलेला भाग दिसला तर भेग जुनी आहे, ती तपासणीत सुटली. भेगेच्या उगमाशी ब्लोहोल (हवेची पोकळी) किंवा श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) सापडलं तर दोष ओतकामाचा. पूर्ण तोंड ताजं, चकचकीत, दाणेदार असेल तर नकल चांगला होता, गाडी हाताळताना झटका बसला. पहिल्या दोन बाबतींत चालकाला दोष देऊन काही उपयोग नाही, पण दिला जातो.

चाक आणि रूळ यांच्याबद्दल कमी लिहिलं जातं, पैसा मात्र तिथंच जातो. ४० टनांच्या ॲक्सलचं प्रत्येक चाक २० टन एका नाण्याएवढ्या जागेवर ठेवतं. जुनी अडचण अशी की बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) ताठ केली तर सरळ मार्गावर गाडी स्थिर धावते, पण वळणावर चाकाची कड रुळाला घासते. बोगी सैल केली तर वळण सोपं, पण सरळ मार्गावर चाकं डावी-उजवीकडे हेलकावू लागतात. दक्षिण आफ्रिकेच्या हर्बर्ट शेफेलनं १९७० च्या दशकात एका बोगीतले दोन ॲक्सल तिरक्या दुव्यांनी एकमेकांना बांधले. वळणावर चाकं आपोआप वळतात, सरळ मार्गावर दुवे हेलकावे अडवतात. सिशेन ते साल्डान्हा हा ८६१ किलोमीटरचा मार्ग १९७६ मध्ये सुरू झाला. गेज (दोन रुळांमधलं अंतर) फक्त १,०६७ मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजपेक्षा ६०९ मिलिमीटरनं अरुंद, आणि त्यावर आज ३० टनांचा ॲक्सल चालतो. १९८९ मध्ये तिथं ६६० वाघिणींची गाडी धावली होती. अरुंद रुळावर जड माल नेता येत नाही म्हणणाऱ्यांना शेफेलनं गप्प केलं.

कॅनडाच्या जो कालूसेकनं उलट्या बाजूनं विचार केला: रूळ थोडा झिजू द्यावा. रुळाच्या पृष्ठभागावर सतत बारीक भेगा पडतात. झीज फार कमी असली तर भेगा खोल जातात आणि रूळ तुटतो, फार जास्त असली तर रूळ लवकर संपतो. मधल्या बिंदूला भेग वाढण्याआधीच वरचा थर निघून जातो. नैसर्गिक झीज अपुरी पडते तिथं ग्राइंडिंग गाडीनं मिलिमीटरचा काही दशांश भाग काढायचा, वेळापत्रकानं, भेगा दिसायची वाट न बघता. भेग दिसू लागल्यावर ग्राइंडिंग केलं तर कितीतरी जास्त पोलाद काढावं लागतं.

राहिली चालवण्याची बाजू. पुरस्कारांत ती नेहमी मागे पडते. आपल्याकडच्या अति विशिष्ट रेल सेवा पुरस्कारात सगळ्या स्तरांतले कर्मचारी असतात, ही चांगली गोष्ट. इकडे १० जुलै २०१८ रोजी टॉम प्राइस या खाणीच्या गावाहून केप लॅम्बर्ट बंदराला २८० किलोमीटर, सुमारे २८,००० टन माल घेऊन चालकाविना गाडी गेली, त्याची बातमी जगभर झाली. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला पिल्बारातच दुसऱ्या एका मार्गावर ४ इंजिनं आणि २६८ वाघिणींची भरलेली गाडी पळाली. विजेच्या ब्रेकच्या तारेचा जोड सुटला, गाडी थांबली, चालक तपासायला खाली उतरला. पण पाइपातली हवा सोडलेली नव्हती, आणि बॅटरी वाचवण्यासाठी ती यंत्रणा ६० मिनिटांनी बंद होते, त्याबरोबर ब्रेकही सुटतात. गाडी ९२ किलोमीटर एकटीच धावली. वेग ताशी १६० किलोमीटरच्या वर गेला. शेवटी नियंत्रण कक्षानं मुद्दाम रूळ बदलून ती घसरवली. जीवितहानी झाली नाही.

यातून निघालेलं काम दिसायला साधं आहे. खाली उतरण्याआधी ब्रेक हँडल हवेच्या आणीबाणी स्थितीत नेऊन पाइप पूर्ण रिकामा करायचा. मग उतार आणि वजन बघून ठरलेल्या संख्येइतके हँडब्रेक लावायचे. नंतर हवेचे ब्रेक सोडून गाडी सरकते का ते बघायचं. सरकली, तर आणखी हँडब्रेक लावून पुन्हा बघायचं.