आठ प्रश्न आणि दंडाची पट्टी : पोषण पाहणीतला माझा अनुभव

गरीब कुटुंबांची अन्नसुरक्षा आणि पाच वर्षांखालच्या मुलांचं पोषण मोजणाऱ्या एका पाहणीत मी मोजणीदार म्हणून काम केलं. घरोघरी जायचं, प्रश्न विचारायचे, मुलांची मापं घ्यायची. कुपोषणाचे आकडे आपण सगळेच वाचतो, पण ते तयार कसे होतात हे फारसं कुठे लिहिलेलं सापडत नाही. या कामात नव्याने शिरणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून जरा तपशिलात लिहिते आहे.

प्रशिक्षणाची सुरुवात एका साध्या मुद्द्यापासून झाली. घरात धान्य असणं आणि घरातलं मूल नीट पोसलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युनिसेफने १९९० मध्ये कारणांची जी मांडणी केली, तिच्यात मुलाच्या कुपोषणाची थेट कारणं दोन : अपुरा आहार आणि आजारपण. त्यांच्या मुळाशी घरातली अन्नाची टंचाई, मुलाची काळजी घ्यायला कुणाला वेळ आणि ताकद नसणं, घाण पाणी, हाताशी नसलेला दवाखाना. आणि या सगळ्याच्या तळाशी गरिबी. सतत जुलाब होणाऱ्या मुलाला चार घास जास्त भरवले तरी ते त्याच्या अंगी लागत नाहीत. हे एकदा मनात पक्कं बसलं की आईला दोष देणारी भाषा आपोआप सुटते. मोजणीदाराने ती सोडलेलीच बरी, कारण ज्या घरात आपण दोषी ठरणार असं वाटतं तिथे खरं उत्तर मिळत नाही.

आमच्या प्रश्नावलीचा गाभा होता तो संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आठ प्रश्नांचा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमातून हे प्रश्न तयार झाले आणि आता जगभर तेच विचारले जातात. गेल्या बारा महिन्यांत पैसे किंवा इतर साधनं नसल्यामुळे कधी अन्न पुरणार नाही अशी चिंता वाटली का? पौष्टिक अन्न खाता आलं नाही, असं झालं का? मोजकेच पदार्थ खाऊन राहावं लागलं का? एखादी जेवणाची वेळ टाळावी लागली का? पोटाला हवं त्यापेक्षा कमी खाल्लं का? घरातलं अन्न संपलं का? भूक असून खाल्लं नाही, असं झालं का? अख्खा दिवस उपाशी काढला का? सुरुवात चिंतेपासून होते आणि शेवट उपाशी दिवसावर, कारण बहुतेक घरांत टंचाई याच पायऱ्यांनी उतरते. ‘पैसे किंवा इतर साधनं नसल्यामुळे’ हे शब्द प्रत्येक प्रश्नाला पुन्हा पुन्हा जोडायचे असतात. ते गाळले तर उपवास, आजारपणातली अरुची, कामाच्या गडबडीत राहून गेलेलं जेवण हे सगळं भुकेच्या खात्यात जमा होतं.

प्रश्न पाठ करणं अवघड नाही. ते विचारायची जागा आणि वेळ मिळवणं अवघड. एका घरात आजूबाजूला दोन-तीन बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर त्या घरातल्या ताईंनी सगळ्याच प्रश्नांना ‘नाही’ म्हटलं, तेही मान खाली घालून, भराभर. मी प्रश्नावली बाजूला ठेवली, धाकट्याचं माप घ्यायला जरा मोकळी जागा हवी म्हटलं आणि आम्ही घराच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे पुन्हा सावकाश विचारलं. जेवणाची वेळ टाळली का, याला उत्तर ‘नाही’च आलं. कमी खाल्लं का, यावर त्या थांबल्या. पोराच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, “पोरांचं झाल्यावर जे उरतं ते मी खाते. नाही उरलं तर आज भूक नाही म्हणते. म्हणजे पोरं विचारत नाहीत.”

टंचाईशी झगडण्याच्या उपायांची एक वेगळी छोटी यादी असते : स्वस्तातलं, नावडतं अन्न खाणं, उसनं घेणं, घास कमी करणं, जेवणाच्या वेळा कमी करणं, मुलांना पुरावं म्हणून मोठ्यांनी हात आखडणं. या पाच उपायांत शेवटच्याला सर्वांत जास्त म्हणजे ३ गुणांचं वजन आहे, उसनवारीला २, बाकीच्यांना १. त्या ताईंशी बोलल्यावर हे वजन मला पटलं. असं घर बाहेरून पाहणाऱ्याला व्यवस्थित दिसतं. दोन वेळा चूल पेटते, मुलं जेवतात, कुणी तक्रार करत नाही. टंचाई आधी बाईच्या अंगावर निघते, आणि ती गरोदर असेल तर पुढच्या मुलाच्याही. जन्मतःच कमी वजन घेऊन आलेल्या मुलाच्या कुपोषणाची सुरुवात अशी त्याच्या जन्माआधी झालेली असते.

काल काय खाल्लं, हा भागही वरवर सोपा वाटतो. झोपेतून उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत क्रमाने विचारत जायचं, प्रत्येक पदार्थात काय काय पडलं तेही विचारायचं. १५ ते ४९ वयाच्या बाईसाठी अन्नाचे दहा गट धरले आहेत. त्यांतले किमान पाच पोटात गेले तर आहारात पुरेसं वैविध्य आहे असं मानतात. १५ ग्रॅमपेक्षा कमी खाल्लेला पदार्थ मोजायचा नाही, नाहीतर चवीपुरती टाकलेली चिमूटभर वस्तूही एक गट म्हणून वर चढते. सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळासाठी गट आठ, त्यांत आईचं दूधही येतं, आणि किमान पाच हवेत. अनेक घरांत पोट भरलेलं असतं, पण ते एकाच धान्याने. लोह, अ जीवनसत्त्व, जस्त यांची कमतरता अशा भरल्या पोटीही होते, आणि निव्वळ किती जेवलात असं विचारून ती कधीच सापडणार नाही.

मापांसाठी मैदानात उतरण्याआधी आमची परीक्षा झाली. दहा मुलं, प्रत्येक मोजणीदाराने प्रत्येक मुलाचं माप दोनदा घ्यायचं, पहिलं माप दुसऱ्या वेळी समोर ठेवायचं नाही. आपली दोन मापं एकमेकांशी किती जुळतात आणि अनुभवी प्रशिक्षकाच्या मापाशी किती, यावर कामाला पाठवायचं की नाही ते ठरतं. दहा मुलं, त्यांतली बरीच रडणारी. कुणाची मान वाकडी, कुणाचे गुडघे वर. दोन वर्षांखालच्या मुलाला फळीवर आडवं निजवायचं. एकाने डोकं दोन्ही हातांनी धरून फळीच्या टोकाला टेकवायचं, दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून सरकती पट्टी टाचांना भिडवायची आणि आकडा मिलिमीटरपर्यंत मोठ्याने वाचायचा; लिहिणाऱ्याने तो पुन्हा उच्चारून मगच लिहायचा. मी या परीक्षेतून पार पडले त्याचं श्रेय माझ्या जोडीदारणीला. ती मूल आईच्या हातून घेण्याआधी फळी आईला दाखवायची, आईलाच मुलाच्या डोळ्यांसमोर उभं करायची. मूल शांत झालं की माप एका दमात होतं.

दंडाची पट्टी, म्हणजे दंडाचा घेर मोजायची रंगीत फीत, त्यामानाने सोपी. डावा हात, खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या मधोमध खूण, हात सैल सोडलेला, पट्टी कातडीला टेकलेली पण आवळलेली नाही. सहा ते एकोणसाठ महिन्यांच्या मुलात घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ११५ ते १२५ च्या आत मध्यम. त्यासोबत दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहायचं. दोन्हीकडे खड्डा राहिला तर ती सूज, आणि मग दंड कितीही भरो, मूल तीव्र कुपोषितच धरायचं. सुजलेलं मूल नवख्या नजरेला गुटगुटीत वाटतं, म्हणून ही तपासणी एकाही मुलाची सोडायची नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो वयावर. वयाच्या मानाने उंची फार कमी असणं म्हणजे खुजेपणा. मुलगा दोन वर्षांचा असेल तर खुजेपणाची सीमा ८१ सेंटिमीटर, तीन वर्षांचा असेल तर ८८.७. म्हणजे ८५ सेंटिमीटरचा मुलगा वयाच्या एका नोंदीवर सीमेच्या अलीकडे किंवा पलीकडे जातो. जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, काहीच नसेल तर गावातल्या ठळक घटनांची दिनदर्शिका घेऊन बसायचं : पेरणीआधी झाला की नंतर, शेजारच्या मुलाच्या आधी की नंतर. कंटाळून ‘दोन वर्षं’ असं पूर्णांकात लिहून टाकायचा मोह प्रत्येकाला होतो. आमच्या पर्यवेक्षक रोज संध्याकाळी वयांचे आकडे पाहायच्या. २४, ३६, ४८ महिन्यांवर गर्दी दिसली की दुसऱ्या दिवशी त्या गटासोबत स्वतः फिरायच्या.

“आमच्याकडची मुलं चणीने लहानच असतात” हे मी फार वेळा ऐकलं, शिकलेल्या लोकांकडूनही. हे मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची वाढीची मानकं ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या, पुरेसं पोषण आणि निरोगी वातावरण मिळालेल्या मुलांवर बेतलेली आहेत. तशी परिस्थिती मिळाली की पहिल्या पाच वर्षांत या इतक्या वेगळ्या देशांतली मुलं जवळजवळ सारखीच वाढली. लहान चण हे कारण पुढे केलं की टाळता येण्याजोगी गोष्ट नैसर्गिक ठरते आणि कुणालाच काही करावं लागत नाही.

पट्टी लाल भागात, म्हणजे ११५ मिलिमीटरच्या खाली, गेली की मोजणी तिथेच थांबवायची, हा आमचा नियम होता. आईला समजावून सांगायचं, चिठ्ठी लिहून द्यायची, जवळच्या उपचार केंद्राला कळवायचं. मूल सावध असेल, खायची इच्छा दाखवत असेल आणि दुसरी गुंतागुंत नसेल तर त्याला रुग्णालयात ठेवावं लागत नाही. घरीच तयार पोषक आहार देऊन, दर आठवड्याला तपासून बरं करता येतं. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २००७ मध्ये या पद्धतीला एकत्रित पाठिंबा दिला. एका केंद्रात मात्र आमची चिठ्ठी घेऊन गेलेल्या आईला साठा नाही म्हणून परत पाठवलं. रोजंदारी बुडवून ती गेली होती. त्यानंतर आम्ही साठा आहे का ते आधी विचारायचो आणि मगच तिला जायचा दिवस सांगायचो. पाहणीच्या आराखड्यात हे काम कुणाच्याच नावावर नव्हतं. ते मोजणीदारांनी आपापसांत वाटून घेतलं.

शेवटी आकडे तपासले गेले. मापांचा शेवटचा अंक सारखा ० किंवा ५ येत असेल तर पट्टी नीट वाचलेली नाही हे लगेच कळतं. आमचं काम स्वीकारलं गेलं. २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी लोक भुकेले होते, पाच वर्षांखालची सुमारे १५ कोटी मुलं खुजी आणि ४ कोटी २८ लाख मुलं रोडावलेली, म्हणजे उंचीच्या मानाने वजन फार कमी असलेली होती. यांतले मुलांचे आकडे अशाच असंख्य घरांतल्या मोजणीवर उभे आहेत.

पाहणी सुगीनंतर लगेच झाली होती, घरात धान्य असताना. अहवालावरच्या बैठकीत मी एवढंच मागितलं की पुढची फेरी सुगीच्या आधीच्या महिन्यांत, साठा संपत आलेला असताना घ्यावी, आणि उपचार केंद्रांना तिची तारीख आधी कळवावी म्हणजे तिथे साठा तयार असेल. दोन्ही गोष्टी पुढच्या आराखड्यात लिहिल्या गेल्या आहेत.