तुम्ही विचारलंत म्हणून : ब्लिंक-१८२ सारखा फुटतो का?

गिटारच्या क्लासला येणारी पोरं ब्लिंक-१८२ या अमेरिकन रॉक बँडच्या 'डॅमिट' गाण्याची सुरुवातीची धून बसवतात, घरी जाऊन यूट्यूबवर बँडची सगळी कुंडली काढतात आणि पुढच्या वेळी हमखास विचारतात, सर हे तिघं एवढे जिगरी तर सारखे फुटतात कशाला? तर एकदाचं लिहूनच टाकतो.

माझं मत सरळ आहे. गाण्यांवरून हे कधीच फुटले नाहीत, फुटले ते एकमेकांशी बोलायचं सोडून मॅनेजरमार्फत निरोप धाडायला लागले म्हणून.

१९९२, कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळचं पोवे. बास वाजवणाऱ्या मार्क हॉपसच्या बहिणीने त्याची आणि गिटारवाल्या टॉम डीलाँजची ओळख करून दिली, आणि पहिल्याच भेटीत टॉमवर छाप पाडायला हा बहाद्दर रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर चढला, खाली आला तो घोटे दुखावूनच, मग कुबड्या. तेव्हा ड्रमवर स्कॉट रेनर होता. १९९८ मध्ये तो बाहेर पडला आणि ट्रॅव्हिस बार्कर आला, ज्याने सगळा सेट म्हणे तासाभराच्या आत पाठ केला. पुढच्याच वर्षी 'एनिमा ऑफ द स्टेट' हा अल्बम आला आणि तिघं एकदम जगभर पोचले. 'ऑल द स्मॉल थिंग्ज' तुम्ही सगळे वाजवता ना, ते टॉमने तेव्हाच्या गर्लफ्रेंडसाठी लिहिलेलं, जिन्यावर तिने गुलाब ठेवल्याची ओळ आहे बघा त्यात. २००१ मध्ये लग्न केलं तिच्याशी, २०१९ मध्ये घटस्फोटासाठी अर्ज. गाणं मात्र अजून लग्नांत वाजतं.

आता फुटाफुटी. टॉमला पाठीचा त्रास होता, त्या दुखण्याच्या काळात जरा काळोखी, जड गाणी सुचायला लागली आणि २००२ मध्ये त्याने 'बॉक्स कार रेसर' नावाचा वेगळा प्रोजेक्ट काढला. ड्रमसाठी ट्रॅव्हिसला घेतलं आणि मार्कला नाही. तीन जणांच्या बँडमधले दोघं वेगळी चूल मांडतात आणि तिसरा एकटाच बाहेर! माझ्या मते सगळी कटकट इथे सुरू झाली आणि ती कोणी तोंडावर बोललंच नाही. २००३ चा अल्बम झकास झाला (माझा सगळ्यात आवडता, भांडायचं असेल तर क्लास सुटल्यावर या), पण टूर करून करून टॉम वैतागला, त्याला बायको-मुलीसाठी वेळ पाहिजे होता, बाकीच्या दोघांना बँड पळवायचा होता, आणि २००५ च्या फेब्रुवारीत 'बेमुदत विश्रांती' जाहीर झाली. बातमी मॅनेजरच्या फोनवरून. तीन मित्र आणि फोन मॅनेजरचा, काय बोलायचं.

मग १९ सप्टेंबर २००८. साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियाहून निघालेलं ट्रॅव्हिसचं छोटं जेट धावपट्टीवरच टायर फुटून पुढे घुसलं आणि पेटलं. दोन्ही पायलट, त्याचा असिस्टंट आणि सिक्युरिटीवाला, चौघं गेले. वाचले ते ट्रॅव्हिस आणि डीजे एएम, आणि एएमही वर्षभरात गेला, ड्रग्जच्या ओव्हरडोसने. ट्रॅव्हिसचं ६५ टक्के शरीर भाजलेलं, ऑपरेशनांवर ऑपरेशनं. त्याच्या आदल्याच महिन्यात त्यांचा प्रोड्युसर जेरी फिन वारला होता. एवढं सगळं झाल्यावर तिघं बोलायला लागले, आणि फेब्रुवारी २००९ ला ग्रॅमीच्या स्टेजवर, ट्रॅव्हिसचा हात झोळीत, जाहीर केलं की आम्ही परत वाजवणार.

लोक इथे टाळ्या वाजवून थांबतात. पण पुढचा अल्बम 'नेबरहूड्स' (२०११) कसा झाला बघा, टॉम सॅन डिएगोत, बाकी दोघं लॉस एंजेलिसला, आणि फाइली इकडून तिकडे. मला तो ऐकताना ते जाणवतं, गाणी चांगली आहेत पण तिघं एका खोलीत नाहीत हे कळतं. मग २०१५ च्या जानेवारीत पुन्हा तेच, मार्क आणि ट्रॅव्हिस म्हणतात टॉमने बँड सोडला, टॉम म्हणतो मी कुठे सोडलाय! मध्ये पुन्हा मॅनेजर. टॉमच्या जागी अल्कलाइन ट्रिओ या बँडचा मॅट स्किबा आला आणि २०१६ चा अल्बम 'कॅलिफोर्निया' बिलबोर्डच्या अमेरिकन अल्बम यादीत एक नंबरला गेला, त्यामुळे स्किबाला बदली प्लेयर म्हणून हिणवू नका. टॉम तेवढ्यात यूएफओच्या मागे लागला. हसू नका, २०१७ मध्ये त्याच्या कंपनीने जे व्हिडिओ बाहेर आणले तेच पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, २०२० मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध केले. एलियन आहेत असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण व्हिडिओ खरे निघाले.

२०२१ मध्ये मार्कला कॅन्सर, चौथ्या स्टेजचा लिम्फोमा. केमो घेतानाचा फोटो जवळच्या लोकांसाठी टाकायला गेला आणि चुकून सगळ्यांना दिसला, असं जगाला कळलं. पण मेन गोष्ट ही की त्या आजारपणात तिघं त्याच्या घरी बसून बोलले, बऱ्याच वर्षांनी. सप्टेंबरमध्ये तो कॅन्सरमुक्त झाला. २०२२ मध्ये टॉम परत, २०२३ ला कोचेला या कॅलिफोर्नियातल्या संगीत महोत्सवात अचानक स्टेजवर आणि ऑक्टोबरमध्ये 'वन मोअर टाइम...' हा अल्बम. त्याच्या टायटल साँगमध्ये विमान आणि आजारपण दोन्ही आहे, आणि एकमेकांशी बोलायला माणूस मरायला टेकावा लागतो का, असं ते स्वतःलाच विचारतात.

आणि ट्रॅव्हिस? अपघातानंतर तेरा वर्षं तो विमानात बसला नाही, युरोपला बोटीने जायचा. २०२१ ला टीव्हीवरच्या कोर्टनी कार्दाशियनबरोबर पहिल्यांदा उडाला, २०२२ ला तिच्याशी लग्न. सप्टेंबर २०२३ मध्ये ती गरोदर असताना बाळासाठी तातडीचं ऑपरेशन करावं लागलं, आणि तेव्हा ट्रॅव्हिस युरोप टूरवर होता. तो लगेच घरी निघाला. ग्लासगो, बेलफास्ट, डब्लिन सगळे शो पुढे ढकलले, २००५ मध्ये घरासाठी वेळ मागण्यावरून जो बँड मोडला होता त्याच बँडने. ते शो पुढच्या वर्षी झाले.