बाबांची दुनळी

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी दरवर्षीसारखी दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, पूजेसाठी कपाटातून काढली. पाटावर पंचा अंथरून आम्ही आईची विळी, बागेतली कुऱ्हाड आणि छाटणीच्या कात्र्या मांडल्या होत्या. भाचीचा चार वर्षांचा मुलगा झेंडूच्या पाकळ्या कुस्करत तिथेच बसला होता. नळ्या पुसायला बाबांनी बंदूक मधोमध उघडली, आणि उजव्या नळीत काडतुसाचं पितळी बूड चकाकलं.

“हे कोणी भरलं?” बाबांनी विचारलं.

कोणी काही बोललं नाही. नागपूरच्या त्या घरात आई आणि बाबा दोघंच राहतात, आणि आईने चाळीस वर्षांत त्या बंदुकीला हातसुद्धा लावलेला नाही.

मी जपानहून सुटी काढून दसरा-दिवाळीसाठी आले होते. ते काडतूस पाहिलं आणि पहिल्यांदा आठवले ते वाकायामातले आमचे शेजारचे आजोबा. वाकायामा म्हणजे जपानातलं काटोल-नरखेडच म्हणा, संत्र्यांचा मुलूख. मिकान नावाच्या संत्र्यांचं तिथे देशात सर्वांत जास्त उत्पादन होतं. डोंगरउतारावर दगडी बांध घालून बागा लावलेल्या असतात, आणि आपल्याकडे रानडुकरं आणि रोही म्हणजे नीलगायी येतात तशी तिथे रानडुकरं आणि हरणं येतात. आजोबांकडेही बारा बोअरचीच बंदूक होती. बाबांना मी त्यांचे फोटो दाखवायचे, तेव्हा ते बागेपेक्षा बंदूकच निरखून पाहायचे.

तिथे बंदूक बाळगणं किती कठीण आहे, हे मला शेजारी राहूनच कळलं. पिस्तूल सामान्य माणसाला मिळतच नाही. छर्ऱ्याच्या बंदुकीसाठी आधी वर्ग, मग लेखी परीक्षा, मग नेमबाजीची परीक्षा, डॉक्टरांचा दाखला. रायफल हवी असेल तर त्याआधी दहा वर्षं छर्ऱ्याची बंदूक बाळगलेली असावी लागते. बंदूक एका कुलुपात, काडतुसं दुसऱ्या कुलुपात. किती आणली, किती उडवली, किती उरली, हे आजोबा एका वहीत पेन्सिलने लिहायचे. दरवर्षी बंदूक घेऊन पोलिसांसमोर तपासणीला जायचे. परवाना तीन वर्षांचा. नूतनीकरणाच्या वेळी एकदा पोलीस आमच्याही दारात आला होता. आजोबा कुणाशी भांडतात का, पितात का, अलीकडे वागण्यात काही बदल वाटतो का, असं त्याने विचारलं. मी परकी बाई, भाषा मोडकीतोडकी, तरी त्याने माझं उत्तर शांतपणे लिहून घेतलं.

आणि वयाची ७५ वर्षं झाली की आणखी एक गोष्ट येते, स्मरणशक्तीची चाचणी. आज तारीख काय, वार कोणता, मघाशी दाखवलेली चित्रं आठवून सांगा. २००७ च्या डिसेंबरमध्ये सासेबो शहरात एका माणसाने परवान्याच्या बंदुकीने गोळीबार केला. त्यानंतर कायदा कडक झाला आणि २००९ पासून ही चाचणी आली. गाडीच्या परवान्यालाही ७५ नंतर अशीच चाचणी असते, त्यामुळे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना त्यात अपमान वाटत नाही. निदान आमच्या आजोबांना वाटला नव्हता. आजी त्यांना व्हरांड्यात बसवून चित्रांचा सराव करून घ्यायची. छत्री, कोंबडी, ढोल.

आता आपल्याकडचं. शस्त्र परवान्याची मुदत पूर्वी तीन वर्षं होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती पाच झाली. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, ते चांगलंच झालं. पण तिशीतली पाच वर्षं आणि शहात्तर ते एक्याऐंशी ही पाच वर्षं एकसारखी कशी असतील? परवाना मिळायला किमान वय २१ लागतं, वरच्या बाजूला मात्र मर्यादा नाही. बाबांचं शेवटचं नूतनीकरण दोन वर्षांपूर्वी झालं, शहात्तराव्या वर्षी. वैद्यकीय दाखला लागला होता. ताई सोबत होती. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, “काय काका, बरं आहे ना?” म्हणाले आणि सही केली. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांच्यासमोर नीट इस्त्रीचा शर्ट घातलेला, हसून बोलणारा माणूस बसला होता. विसरायला होतं का, हे त्यांनी विचारलं नाही, आणि ताईने सांगितलं नाही. आपल्या बापाबद्दल परक्यासमोर असं कोण सांगेल?

मला बोचतं ते इथेच. वाकायामात हा प्रश्न सरकार विचारतं, म्हणून तो मुलांना विचारावा लागत नाही. आपल्याकडे तो मुलांवर येऊन पडतो, आणि मुलं धजत नाहीत.

दसऱ्याच्या त्या रात्री मी धजले, बाबांना विसरण्याबद्दल विचारलं. बाबा भडकले. “तू मला वेडा ठरवून राहिली का? चाळीस वर्षांत कुणाला खरचटलं तरी का?” ते खरंही होतं. वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुकराला मारता येत नाही, हे ते गड्यांना बजावून सांगायचे. बहुतेक वेळा संत्र्याच्या आंबिया बहाराच्या दिवसांत डुकरं हाकायला एखादा बार काढायचे, तेवढंच. त्यांच्या लेखी ती बंदूक म्हणजे त्यांनी माळरानावर उभी केलेली बाग होती.

मग आई बोलली. २०२४ मध्ये लोकसभेला आणि विधानसभेला, दोन्ही आचारसंहितांच्या वेळी दुनळी ठाण्यात जमा होती. “ते दोन्ही वेळचे दिवस मी गाढ झोपले,” ती म्हणाली. “यांना रात्री उठून दारं तपासायची सवय लागली आहे. अंधारात मीच समोर आले तर?”

बाबा उठून आत गेले. दोन दिवस आमच्याशी धड बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी संत्री सोलत असताना त्यांनी मान वर न करता विचारलं, “तुझ्या त्या म्हाताऱ्याला चित्रं किती आठवली?”

“बरीच. पास झाले ते.”

“मग?”

मग सांगितलं. आजोबा पास झाले, तीन वर्षं बंदूक ठेवली, आणि पुढच्या नूतनीकरणाला स्वतःच परत करून आले. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले होते, बांधामागे काहीतरी हललं की ते डुक्कर आहे की माणूस, हे ओळखायला मला हल्ली पूर्वीपेक्षा वेळ लागतो. आता ते पिंजरे लावतात. डुक्कर अडकलं की गावातल्या तरुण शिकाऱ्याला बोलावतात.

बाबांनी फोड तोंडात टाकली नाही, हातातच धरून बसले.

२०१६ च्या शस्त्र नियमांत एक तरतूद आहे, ती फार घरांत माहीत नसते. परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा त्याने शस्त्र २५ वर्षं बाळगलं, की तो जिवंतपणीच आपल्या वारसाच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करू शकतो. माणूस गेल्यावर घरच्यांनी दुखवट्यात बंदूक घेऊन धावपळ करायची गरज नाही. मी परदेशी, माझा उपयोग नाही. बाग ताईच पाहते. बाबांनी ताईला हाक मारली आणि म्हणाले, “तू घेशील का?” ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

सौर कुंपण बागेला आधीच आहे, त्यामुळे या हंगामात दुनळीवाचून अडणार नाही. ताईची पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला, प्रशिक्षण, सगळं व्हायचं आहे. मिळेल तेव्हा मिळेल. मी परत निघण्याच्या आदल्या दिवशी बाबा, ताई आणि मी ठाण्यात जाऊन दुनळी जमा केली. जाण्यापूर्वी बाबांनी शिलाई मशीनच्या तेलाने नळ्या आतून पुसल्या, दोनदा उघडून पाहिल्या, आणि तिसऱ्यांदा मला म्हणाले, “तू पाहा.” मी डोळा लावला. दोन्ही नळ्यांतून पलीकडचं अंगण दिसत होतं.