ड्युरँडच्या जंगलातले ओंडके

अमेरिकन चित्रकार ॲशर ड्युरँडच्या ‘इन द वूड्स’ला सगळे शांत चित्र म्हणतात. मला त्यात आधी दिसतात ते आडवे पडून कुजत चाललेले ओंडके.

१८५५चं हे तैलचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. उंची साधारण पाच फूट, रुंदी चार. निसर्गचित्राला सहसा आडवा कॅनव्हास घेतात, याने उभा घेतला. मग डोंगर नाहीत, क्षितिज नाही. बीच आणि बर्चची खोडं, वर एकमेकींत शिरलेल्या फांद्या आणि मधोमध, लांबवर, फिकट उजेड. माणूस एकही नाही.

संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मी ते मोठं करून बघते. (प्रत्यक्ष बघायचा योग कधी येतोय कोण जाणे.) बर्चची साल वेगळी, बीचची वेगळी, शेवाळ त्याहून वेगळं. हा हात मुळात तांब्याच्या पत्र्यावर कोरकाम करणाऱ्याचा. चित्रकार ट्रंबुलच्या ‘स्वातंत्र्याचा जाहीरनामा’ या चित्राच्या खोदकामात ड्युरँडची तीनेक वर्षं गेली, नोटांवरची चित्रंही तो कोरायचा. पूर्णपणे रंगांकडे वळला तो चाळिशीच्या आसपास. १८५५मध्येच ‘द क्रेयॉन’ नियतकालिकात त्याने नवख्या चित्रकारांना पत्रं लिहिली: आधी निसर्गाकडे जा, पेन्सिलीने नेटकं रेखाटा, थोरांची चित्रं मग बघा.

एवढा काटेकोरपणा एखाद्या चित्राचा जीवही घेतो. ड्युरँडची काही चित्रं मला म्हणूनच कोरडी वाटतात. इथे तसं होत नाही, कारण पडझड त्याने आवरून ठेवलेली नाही. मोडलेलं खोड मोडलेलंच आहे, आणि ते वयाने पडलंय असं वाटतं. त्याच काळात न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिलच्या डोंगरांत चामडं कमावण्याच्या कारखान्यांसाठी हेमलॉकची झाडं तोडून त्यांची साल काढली जात होती, हे लक्षात घेतलं की म्हातारं होऊन पडायची मुभा ही तिथल्या झाडांसाठी चैनच होती म्हणायची.

ड्युरँडचं गाजलेलं चित्र मात्र ‘किंड्रेड स्पिरिट्स’ (१८४९): कड्यावर उभे चित्रकार कोल आणि कवी ब्रायंट. ते जोनाथन स्टर्जेस या किराणा व्यापाऱ्याने ब्रायंटला भेट देण्यासाठी करवून घेतलं होतं. ‘इन द वूड्स’ही त्याच स्टर्जेसच्या संग्रहातलं; १८९५मध्ये त्याच्या मुलांनी वडिलांच्या स्मरणार्थ ते संग्रहालयाला दिलं. दोन्हींतलं एक निवडायचं तर मी डोळे झाकून हेच घेईन. कड्यावरचे ते दोघे सद्गृहस्थ मला जरा अडचणीचेच वाटतात.